सूत्र पाठ, उत्तर बरोबर, तरी वाढ कळत नाही

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेने लिहिलं आहे. चक्रवाढ व्याजाचं प्रकरण शिकवून झालं, मुलांनी सूत्र पाठ केलं, चाचणीतली व्याजाची उदाहरणं बहुतेकांना जमली. मग बाईंनी पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न घातला: '२०,००० रुपयांच्या मोबाइलची किंमत दरवर्षी २० टक्क्यांनी कमी होते, तर ५ वर्षांनी ती किती असेल?' जवळजवळ अर्ध्या वर्गाने शून्य लिहिलं. काहींनी सूत्रात आकडे घालून ४९,७६६ रुपये काढले आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बाईंनी बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सांगितली, 'घातांकी वाढ म्हणजे प्रचंड वेगाने होणारी वाढ' असं फळ्यावर लिहून दिलं. मुलं रंगली, पण दुसऱ्या दिवशी चुका त्याच. त्यांचे प्रश्न असे: सूत्र आधी द्यावं की नंतर? मुलांचा पायाच कच्चा असेल तर समजावत बसण्यापेक्षा नुसता सराव करून घ्यावा का? आणि मुख्याध्यापक पोर्शन संपवा म्हणत असताना हे सगळं बसवायचं कुठे?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली ती दोन चुकीची उत्तरं आधी वेगळी करू या, कारण दोन्हींची कारणं निराळी आहेत आणि उपायही.

शून्य लिहिणाऱ्या मुलाने काय केलं ते बघा. २०,००० चे २० टक्के म्हणजे ४,०००. पाच वर्षांचे २०,०००. वजा केले, उरलं शून्य. आकडेमोडीत कुठेही चूक नाही. त्याने एवढंच धरून चाललं की दरवर्षी तेच ४,००० रुपये जाणार. आणि असं धरून चालायला त्याला शाळेनेच शिकवलं आहे. पाढे घ्या, रोजाची मजुरी घ्या, सातवीतलं सरळव्याज घ्या, आठवीतलं समचलन घ्या. प्रत्येक पायरीला तेवढीच भर किंवा तेवढीच घट. म्हणून 'पाया कच्चा' हे तुमचं निदान मला पटत नाही. या मुलाचा बेरजेचा पाया इतका पक्का आहे की तो गुणाकाराच्या जागीही बेरीजच करतो. त्याला एकच प्रश्न कुणी विचारलेला नाही: २० टक्के कशाचे? पहिल्या वर्षी २०,००० चे, पण दुसऱ्या वर्षी?

४९,७६६ लिहिणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. त्याने सूत्रात अधिकचं चिन्ह तसंच ठेवलं, १.२ चा पाचवा घात काढला, २०,००० ने गुणलं. पाच वर्षं वापरलेला मोबाइल नव्याच्या अडीचपट किमतीला विकला जातो का, हे त्याच्या मनात आलंच नाही. शून्यवाला निदान विचार करत होता. सरावाची उदाहरणं वाढवली तर हा दुसरा मुलगा आणखी सफाईने चुकेल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: नुसत्या सरावाने हे सुटणार नाही.

आता फळ्यावरच्या त्या वाक्याबद्दल. घातांकी वाढ म्हणजे प्रचंड वेगाने होणारी वाढ, असं वर्तमानपत्रांतही सर्रास येतं, त्यामुळे तुम्ही ते लिहून दिलंत यात नवल नाही. पण ते मुलांच्या वहीत राहू देऊ नका. वाढ घातांकी आहे की नाही हे वेगावरून ठरत नाही. समान काळात संख्या समान पटीने बदलत असेल तर ती घातांकी, मग पट १.०२ असो की ५. अशीच पटीने घट होत असली तरीही ती घातांकीच, पट एकपेक्षा लहान एवढंच. मुलांना एक तुलना करायला द्या. एकीकडे १,००० रुपयांत दरवर्षी सरळ १०० रुपयांची भर, दुसरीकडे १,००० रुपयांवर दरसाल ५ टक्के चक्रवाढ. पहिल्या वर्षी १,१०० आणि १,०५०. दहाव्या वर्षी २,००० आणि सुमारे १,६२९. सव्विसाव्या वर्षीसुद्धा सरळ भर पुढेच असते, ३,६०० विरुद्ध सुमारे ३,५५६. सत्ताविसाव्या वर्षी चक्रवाढ पहिल्यांदा पुढे जाते, ३,७३३ विरुद्ध ३,७००, आणि पुन्हा कधी मागे पडत नाही. 'घातांकी म्हणजे वेगवान' असं ज्याच्या डोक्यात बसलं आहे, त्याला हा तक्ता अस्वस्थ करतो, आणि ते अस्वस्थ होणं हवंच आहे.

पटावरच्या दाण्यांची गोष्ट सांगू नका असं मी म्हणणार नाही. पण ती सुरुवातीला नको. एक तर त्या गोष्टीतून मुलांच्या हाती आश्चर्य उरतं, वीस अंकी संख्या उरते, पद्धत उरत नाही. दुसरं कारण गणिती आहे. तिथे दर घरात आधीच्या दुप्पट दाणे, म्हणजे पट २ आहे, आणि २ ही या धड्याची सर्वांत फसवी संख्या. २ आणि २ मिळवले तरी ४, गुणले तरी ४, २ चा वर्ग केला तरी ४. बेरीज करणारं मूल, गुणाकार करणारं मूल आणि घात घेणारं मूल, तिघांचंही उत्तर बरोबर येतं आणि कोण काय करतंय हे तुम्हाला कळत नाही. '२ चा तिसरा घात म्हणजे ६' ही चूक तिथेच दडून बसते. ३ घेऊन बघा. ३, ९, २७. इथे ३ आणि ३ मिळवणारा लगेच ६ म्हणतो आणि सापडतो. नंतर १.५ घ्या, म्हणजे पट पूर्ण संख्या असावी लागत नाही हेही ओघाने येतं.

सूत्र आधी की नंतर? माझं मत स्पष्ट आहे: नंतर. पण ते टाळून नाही, मुलांना त्याची गरज वाटेपर्यंत थांबून. त्यासाठी मोबाइलचाच तक्ता फळ्यावर मांडा. वर्ष आणि किंमत, दोन रकाने. २०,०००, मग १६,०००, १२,८००, १०,२४०, ८,१९२ आणि पाचव्या वर्षी ६,५५३.६०. प्रत्येक किंमत आधीच्या किमतीवरून मुलांनीच काढायची. मग आणखी दोन रकाने आखा. तिसऱ्यात फरक: ४,०००, ३,२००, २,५६०, २,०४८, १,६३८.४०. चौथ्यात या वर्षीच्या किमतीला गेल्या वर्षीच्या किमतीने भागून येणारी संख्या: ०.८, ०.८, ०.८, ०.८, ०.८. काही बोलू नका, मुलांना बघू द्या. फरक दरवेळी बदलतो, भागाकार हलत नाही. हे ज्याने स्वतःच्या पेन्सिलीने लिहिलं, त्याला शून्य हे उत्तर का येणार नाही ते वेगळं सांगावं लागत नाही. उरलेल्यातून पाचवा भाग जातो, सगळं कधीच जात नाही.

नंतर तोच तक्ता पुन्हा लिहायला सांगा, पण गुणाकार न करता. २०,००० × ०.८. पुढच्या ओळीत २०,००० × ०.८ × ०.८. तिसऱ्या ओळीत आणखी एक ०.८. पंधराव्या वर्षाची ओळ लिहा म्हटलं की कुणीतरी कुरकुरतं, एवढं कशाला लिहायचं? तो क्षण सूत्राचा. घातांकाचं प्रकरण आठवीच्या पुस्तकात चक्रवाढ व्याजाच्या बरंच आधी येऊन गेलेलं असतं आणि मुलांच्या लेखी त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. तो संबंध इथे जुळतो. शून्यावा घात १ का, याचंही उत्तर याच तक्त्यात आहे: शून्य वर्षं झाली तेव्हा किंमत तेवढीच होती, म्हणजे एकदाही ०.८ ने गुणलेलं नाही. आणि नववीच्या मुलांना ऋण घात हवा असेल तर तक्ता वरच्या बाजूला वाढवा, गेल्या वर्षी किती होतं ते विचारा. एका गावाची लोकसंख्या वर्षाला १० टक्क्यांनी वाढून आज १२,१०० झाली आहे, गेल्या वर्षी किती होती? १२,१०० चे दहा टक्के वजा करणाऱ्याला १०,८९० मिळतात आणि त्यावर दहा टक्के वाढ धरून पडताळा घेतला की ते ११,९७९ होतात, जुळत नाहीत. १.१ ने भागणाऱ्याला ११,००० मिळतात. पडताळ्याची सवय याच उदाहरणावर लावा.

या सगळ्यात एक पायरी अशी आहे की तिला मी अख्खा तास देईन: टक्क्यांवरून पट काढणं. '२० टक्के कमी' म्हणजे '८० टक्के उरलं' म्हणजे '०.८ पट'. मुलं इथेच सर्वाधिक अडखळतात आणि आपण ते एका ओळीत उरकतो. तोंडी घ्या, भराभर घ्या. १२ टक्के वाढ? १.१२. ५ टक्के घट? ०.९५. ८ टक्के वाढ? इथे कुणीतरी १.८ म्हणेलच; १.८ म्हणजे ८० टक्के वाढ हे त्यालाच पडताळू द्या. १०० टक्के वाढ? दुप्पट. २०० टक्के वाढ? तिप्पट, आणि यावर वर्गात वाद होईल, होऊ द्या. मग विचारा: किंमत आधी १० टक्के वाढली, नंतर १० टक्के कमी झाली, आता किती? १.१ × ०.९ म्हणजे ०.९९. आधी कमी होऊन नंतर वाढली तर? गुणाकार कोणत्याही क्रमाने करा, तेवढंच. ही पायरी पक्की झाली की ४९,७६६ वाला मुलगाही थांबून विचार करायला लागतो, कारण आता त्याला माहीत असतं की घट असेल तर पट एकपेक्षा लहान हवी.

घट हाताने अनुभवायला द्या. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, चिंचोके पुरतात. चिंचोके फोडून त्यांच्या डाळी करा, एक बाजू तपकिरी, एक पांढरी. प्रत्येक गटाला शंभर डाळी. ओंजळीत खुळखुळवून टाकायच्या, पांढरी बाजू वर आलेल्या बाजूला काढायच्या, उरलेल्या मोजून लिहायच्या, उरलेल्या पुन्हा टाकायच्या. नाण्यासारखं बरोबर निम्मं उरेल असं नाही, कारण डाळीच्या दोन बाजूंचा आकार सारखा नसतो. म्हणूनच मला चिंचोके आवडतात: पट आधीच ठाऊक नसते, ती आकड्यांतून शोधावी लागते. एका गटाचे आकडे वेडेवाकडे येतील. सगळ्या गटांची बेरीज करून तक्ता केला की पट बऱ्यापैकी स्थिर दिसू लागते. आलेख कागदावर बिंदू मांडले की मुलं सवयीने पट्टी लावतात. पट्टी बसत नाही हे त्यांना स्वतःला दिसू द्या. शेवटी दोन-तीन डाळी उरतात आणि एका फेरीत संपतातही. 'बाई, शून्य झालं की!' असं कुणी म्हणालं तर तो प्रश्न झटकू नका. गणितातली घट शून्याच्या जवळ जात राहते, चिंचोके मात्र अर्धे-पाव होत नाहीत, आणि संख्या लहान झाली की हे अंतर जाणवतं.

किरणोत्सारी पदार्थांची उदाहरणं याला जोडून घ्या. थायरॉइडच्या उपचारात वापरतात त्या आयोडिन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ८ दिवस. १६ दिवसांनी किती उरेल विचारलं की अनेकजण 'काही नाही' म्हणतील, कारण दोन वेळा अर्धं गेलं. चिंचोक्यांनंतर हा प्रश्न विचारा, उत्तर बदललेलं असेल: पाव. २४ दिवसांनी आठवा भाग. कार्बन-१४ चं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती ३,००० वर्षांहून जुनी आहे. तिथल्या जळक्या लाकडात मूळच्या कार्बन-१४ पैकी निम्म्याहून जास्त उरलेलं असेल की कमी? यासाठी सूत्र लागत नाही, विचार लागतो. ३,००० वर्षं हे अर्धायुष्यापेक्षा बरंच कमी आहे, म्हणून निम्म्याहून जास्त. सूत्र विसरलेल्या मुलालाही हे सांगता आलं पाहिजे.

वाढीसाठी मी पुस्तकातल्या काल्पनिक गावापेक्षा आपल्या देशाची जनगणना घेईन. कोटींमध्ये आकडे असे: १९५१ मध्ये ३६.१, १९६१ मध्ये ४३.९, १९७१ मध्ये ५४.८, १९८१ मध्ये ६८.३, १९९१ मध्ये ८४.६, २००१ मध्ये १०२.९, २०११ मध्ये १२१.१. फरक काढले तर ७.८, १०.९, १३.५, १६.३, १८.३, १८.२. पट काढली तर १.२२, १.२५, १.२५, १.२४, १.२२, १.१८. पहिली काही दशकं पट जवळपास टिकून आहे आणि फरक वाढत चालला आहे, म्हणजे वाढ चक्रवाढीसारखी आहे. शेवटच्या दशकात फरक वाढायचा थांबला आणि पट घसरली. म्हणजे दर स्थिर धरून केलेलं गणित इथून पुढे जास्तीचं उत्तर देणार. मुलांना २०११ च्या आकड्याला १.१८ ने गुणून २०२१ चा अंदाज काढू द्या, जवळपास १४३ कोटी येतील. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०२३ च्या एप्रिलमध्ये १४२.६ कोटींच्या आसपास होती. दोन वर्षं उलटूनही ती आपल्या अंदाजापर्यंत पोचली नव्हती. पुस्तकात 'दर कायम राहिल्यास' असे शब्द असतात आणि मुलं ते वाचतही नाहीत; हा तक्ता केल्यावर वाचतील.

एक विषय नाजूक आहे, पण तो टाळू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्या वर्गातल्या मुलांनी घरी 'शेकडा तीन' हा शब्दप्रयोग ऐकलेला असतो, महिन्याला शंभरावर तीन रुपये. ऐकायला तो आकडा लहान. थकलेलं व्याज मुद्दलात धरत गेलं तर पट दर महिन्याला १.०३, आणि बारा महिन्यांत ती सुमारे १.४२६ होते. १०,००० चे वर्षाने १४,२५८. दोन वर्षांत रक्कम दुपटीच्या थोडी वर जाते. दुप्पट होण्याचा काळ अंदाजे काढायला ७२ ला दराने भागतात: ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने, बँकेत दरसाल ८ टक्क्यांनी ठेवलेली रक्कम दुप्पट व्हायला ७२ भागिले ८, म्हणजे ९ वर्षं. हा आडाखा मुलांना आयुष्यभर उपयोगी पडेल. फक्त आकडे तुम्ही द्या. कुणाच्या घरी किती कर्ज आहे, कुणाकडून घेतलं आहे, हे वर्गात विचारू नका आणि मुलं सांगू लागली तर हळूच थांबवा. त्या आकड्यांमागे घराची लाज असते आणि ती चारचौघांत उघडी पडली तर मूल गणितापासूनच लांब जाईल.

आता वेळ. मुख्याध्यापकांचं म्हणणं मी चुकीचं मानत नाही, पोर्शन राहिला तर त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो. पण समजावण्यासाठी वेगळा वेळ लागतो हे गृहीतक एकदा तपासून बघा. चक्रवाढीच्या सरावसंचात नुसते आकडे बदललेली उदाहरणं असतात. त्यातली प्रत्येक प्रकारची दोन वर्गात घ्या, बाकीची घरी द्या. वाचलेल्या वेळात एक तास टक्क्यांवरून पट, एक तास तक्ता आणि त्यातून सूत्र, एक तास चिंचोके. लोकसंख्यावाढ आणि घसारा हे भाग मग वेगळे शिकवावे लागत नाहीत, कारण मुलांच्या दृष्टीने ते एकच गणित झालेलं असतं. एवढेही तास मिळत नसतील तर चिंचोके सोडा, पट आणि तक्ता सोडू नका.

वर्गात काही मुलं अशी असतील की ज्यांना दशांश गुणाकारच जमत नाही आणि त्यामुळे तक्ता तिसऱ्या ओळीतच अडतो. या धड्यापुरतं त्यांना साधं कॅल्क्युलेटर द्या. दशांश गुणाकाराची उजळणी वेगळ्या दिवशी घेता येईल; ०.८ ने पुन्हा पुन्हा गुणल्यावर काय होतं हे बघण्यापासून त्यांना का अडवायचं? आणि ज्या मुलांना तक्ता आणि सूत्र दोन्ही झटकन कळलं, त्यांना सरळ भर आणि पटीची वाढ यांची दोन सूत्रं शेजारी-शेजारी लिहायला लावा: एकात सुरुवातीच्या संख्येत दरवर्षीची भर गुणिले वर्षं मिळवायचं, दुसऱ्यात सुरुवातीच्या संख्येला पटीच्या घाताने गुणायचं. मग दोन-दोन आकड्यांवरून कोणतं सूत्र लागू पडेल ते विचारा. पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या वर्षी १२० एवढंच सांगितलं तर ठरवता येत नाही, तिसरा आकडा लागतो; १४० आला तर सरळ भर, १४४ आला तर पट. हे त्यांनी स्वतः शोधून काढलं पाहिजे, तुम्ही सांगू नका.

घटक चाचणीसाठी दोन बदल सुचवते. उत्तर काढण्याआधी एक ओळ सक्तीची करा: 'उत्तर सुरुवातीच्या संख्येपेक्षा मोठं येईल की लहान, आणि का?' तिला एक गुण ठेवा. दुसरं, सूत्राने थेट न सुटणारा एक प्रश्न दर वेळी घाला. उदाहरणार्थ: 'एका दुकानदाराने वस्तूची किंमत २५ टक्क्यांनी वाढवली. आता मूळ किमतीला परत यायचं तर किती टक्के सूट द्यावी लागेल?' २५ लिहिणारे बरेच असतील. १.२५ ला कितीने गुणलं की १ येतं, असा विचार करणाऱ्याला ०.८ मिळेल, म्हणजे २० टक्के सूट. पहिल्या चाचणीत असं उत्तर किती जणांकडून आलं आणि तिसऱ्या चाचणीत किती जणांकडून, याची नोंद ठेवा आणि ती मुख्याध्यापकांना दाखवा.